थापाड्याकडे

गाडी दुरुस्तीला टाकली होती म्हणून त्या रविवारी मी मटाटूने आईकडे निघालो, एवढीच यातली घटना. बाकीचं मला नुसतं ऐकू आलं. रुआई गेलं, कामुलू गेलं. चौदा जणांच्या गाडीत आम्ही सतरा, माझ्या मांडीवर कोण्या अनोळखी बाईची कोबीची पिशवी, डोक्यावरच्या कर्ण्यातून एक पाद्री मला वैयक्तिक ओळखत असल्यासारखा ओरडत होता. दाराला लटकलेल्या कंडक्टरने छपरावर दोन थापा मारल्या आणि आरोळी ठोकली, "क्वा मुओंगो! क्वा मुओंगो कोण? पुढे सरका!" म्हणजे थापाड्याकडे. थापाड्याकडे कोण. सहा माणसं निमूट उठली आणि पुढे सरकली, जणू ती रोजच थापाड्याकडे जातात. ती रोजच जात होती. आमच्याकडे थांब्यांना नावं कोणी देत नाही, ती पडतात. डॉक्टरकडे, पंक्चरपाशी, एका झाडापाशी. डॉक्टर मरून वीस वर्षं झाली तरी लोक डॉक्टरकडेच उतरतात आणि बरे होऊन घरी जातात. पण हे नाव मी ऐकलेलं नव्हतं. गेल्या वर्षभरात मी या रस्त्याने चारदा गेलो होतो, चारही वेळा कंपनीच्या गाडीतून, काचा वर करून. खिडकीतून मी वाकून पाहिलं. तांबड्या मातीचा एक पट्टा आणि त्यामागे लांबच लांब राखाडी भिंत, वर काचेचे तुकडे रोवलेले. भिंत ओळखीची निघाली. ज्या नकाशात ती नव्हती तो नकाशा मीच काढला होता.

"कोण रे हा थापाड्या?" उतरता उतरता मी कंडक्टरला विचारलं.

"कुठल्या गावचे तुम्ही, साहेब? थापाड्या म्हणजे थापाड्या."

"त्याला नाव असेल की काही."

"एका आजीचा पोरगा आहे म्हणे, शिकलेला. आईला सांगून ठेवलं, इथे उतर, दोन मिनिटांत घर. आजी उतरली पहिल्या दिवशी, खांद्यावर हे एवढं पोतं. समोर भिंत. मी म्हटलं, आजी, भिंतीतून जाणार काय? तर म्हणाली, थांब, माझ्या थापाड्याला येऊ दे." तो हसला. दात छान होते. "दुसऱ्या दिवसापासून तीच सांगायला लागली, मला थापाड्याकडे उतरव. मग सगळेच. तो काही अजून आला नाही."

मी आलो होतो. हे त्याला सांगावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात मटाटू माझ्या तोंडात धूळ सोडून जोस्काकडे निघून गेला.

आता फाटक भिंतीच्या पार पलीकडच्या बाजूला. भिंत उजव्या हाताला ठेवून चालायचं, कोपरा आला की वळायचं, पुन्हा भिंत, पुन्हा कोपरा. बेचाळीस मिनिटं. हा आकडा मला चालून कळला. ऑफिसातल्या कागदावर तो कुठेच नव्हता, तिथे सगळं चारशे मीटरच्या आत होतं. कुठल्याही दारातून निघा, चारशे मीटरच्या आत बसथांबा, हे वाक्य मी विद्यापीठात पाठ केलं होतं, नोकरीच्या मुलाखतीत म्हणून दाखवलं होतं आणि एका मुलीलाही ऐकवलं होतं, ती मग कधी भेटली नाही. सोबत उतरलेले सहा जण माझ्या पुढे रांगेने चालले होते, कोबीवाली बाई सर्वांत पुढे. भिंतीला हात लावला तर तापलेली होती. एका जागी सिमेंटचा रंग वेगळा, कोणीतरी भोक पाडलं होतं आणि कोणीतरी ते बुजवलं होतं. शेजारी दुसरं तसंच, मग तिसरं. ती कोणी पाडली ते मला लगेच कळलं, म्हणजे माणूस कळला नाही, सवय कळली. कायोलेला आम्ही राहायचो तेव्हा आई मला शाळेत सोडायला असल्याच वाटांनी न्यायची. उंदीरवाटा म्हणतात आमच्याकडे. दोन पत्र्यांच्या मधून, कोणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीखालून, गटारावरच्या फळीवरून. तिच्या पाठीवर जुन्या बुटांचं पोतं, ती बाजारात जुने बूट विकते, आणि माझा हात तिच्या हातात. ती म्हणायची, सरळ जातो तो साहेब, आणि पोचतो तो उंदीर. मला उंदीर व्हायचं नव्हतं. मला ती वाट सरळ करायची होती, वर झाडं लावायची होती आणि आईला तिच्यावरून पोत्यासकट चालवायचं होतं. नगररचना नावाचा विषय मी एवढ्याचसाठी घेतला. इतक्या छोट्या कारणासाठी कोणी पाच वर्षं शिकत असेल असं वाटत नाही.

उपेपो होम्समध्ये लागलो तेव्हा मला खरोखरच ते काढायला सांगितलं. नवी वसाहत, रिकामं माळरान, हातात कोरा कागद. मी महामार्गापासून आत एक सरळ पाऊलवाट काढली, दोन्ही बाजूंना जॅकरंडा, टोकाला बसथांबा, बसायला बाक, आणि आत फिरून परत बाहेर पडणारी छोटी बस. चित्रात माणसं टाकावी लागतात, नाहीतर झाड केवढं ते कळत नाही. संगणकात तयार माणसं मिळतात, पण ती सगळी गोरी आणि कुत्र्यामागे धावणारी. म्हणून मी ईस्टरच्या दिवशी चर्चबाहेर काढलेल्या फोटोतून आईला कातरली आणि पाऊलवाटेवर ठेवून दिली. हिरवा रुमाल, हातात पर्स, तोंडावर समाधान. खरं तर तिला ऊन लागत होतं. किरागू साहेबांना चित्र फार आवडलं. ते आमचे संचालक, सगळ्यांना बेटा म्हणतात, ज्यांना काढून टाकायचं असतं त्यांनाही. त्यांनी ते चित्र तीन मजली करून रुआईच्या वळणावर उभं केलं. तीन मजली आई महामार्गावर पायी चालली होती आणि खाली लिहिलं होतं, चला, घरी. बाजारातल्या गिऱ्हाइकांनी तिला ओळखलं. न्डुंगे, तू मोठी झालीस, असं म्हणाले. आईने एकदा जाऊन स्वतःकडे खालून वर पाहिलं आणि मला फोन केला. म्हणाली, "मी तिथे चालतेय म्हणजे तिथे वाट असणार." मी म्हटलं, असणार. "किती लांब?" दोन मिनिटं. तिने कायोलेच्या दोन खोल्या विकल्या आणि चौसष्ट नंबरचं घर घेतलं, वाटेच्या अगदी टोकाचं, मी स्वतः नकाशावर बोट ठेवून दाखवलेलं.

वाट विकली गेली हे मला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कळलं, चपाती खाताना. प्लॉट एकशे अठरा ब आणि एकशे अठरा क. मी तसाच तेलकट हातांनी किरागू साहेबांच्या खोलीत शिरलो.

"रद्द कुठे केली, बेटा," ते म्हणाले. "वाट आपण आतल्या बाजूला वळवली."

"आत कुठे?"

"घरांमध्ये. त्या दोन कुटुंबांना आता आपापल्या दिवाणखान्यात हवं तेवढं चालता येईल."

"आणि भिंत?"

"भिंत म्हणजे सुरक्षितता. वाट म्हणजे काय, सांग बरं? चोराला दिलेलं आमंत्रण. तुझी आई आत राहते ना? मग तिच्यासाठीच आहे ती."

मी ओरडलो. ओरडलो असं मला आठवतं, निदान मोठ्याने बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मला पाणी दिलं आणि पादचारी विभागाचा प्रमुख केलं. त्या विभागात मी एकटाच होतो. प्रमुखाने मटाटूने येणं बरं दिसत नाही म्हणून कंपनीची गाडी दिली. किल्ली मी चिडूनच घेतली, पण घेतली. त्या दिवसापासून देशात पायी चालण्याबद्दल सर्वांत जास्त विचार करणारा माणूस गाडीने फिरायला लागला आणि आईकडे फाटकातून, पहारेकऱ्याचा सलाम घेत, जायला लागला. ती चहा द्यायची. वाटेबद्दल तिने कधी विचारलं नाही, आणि तिने विचारलं नाही म्हणून तिला चालतंय, असा मी अर्थ काढला. मी अर्थ फार चटकन काढतो.

आई अंगणात बुटक्या स्टुलावर बसून एका तपकिरी बुटाला ब्रश मारत होती. उजवा पाय लांब केलेला, गुडघ्याला रुमाल बांधलेला. तोच हिरवा.

"चालत आलास?"

"गाडी बिघडलीय."

"देवाची कृपा. पाय दे इकडे." मी पाय पुढे केला. तिने घोड्याला नाल मारतात तसा तो धरून माझा बूट काढला, उलटा केला आणि उन्हात धरला. आई बुटाचा तळ वाचते. कोण कुठे राहतं, किती चालतं, कोणत्या बाजूला झुकतं, सगळं तिला टाचेवरून कळतं. "दीड वर्षापूर्वी मीच दिले होते हे. टाच कोरी! बाजारात ठेवले तर लोक म्हणतील मेलेल्या माणसाचे आहेत."

"आई, मी..."

"मुथोकोई गरम आहे. खाऊन घे."

स्वयंपाकघराची खिडकी भिंतीच्या बाजूला. मी पहिला घास घेतला आणि एकशे अठरा बच्या छपरावरून, भिंतीवरून, काचांवरून आवाज आला, अगदी स्पष्ट, कानाशी बोलल्यासारखा. थापाड्याकडे! थापाड्याकडे कोण? मक्याचा दाणा घशात अडकला. बेचाळीस मिनिटं चालून मी जिथून आलो होतो ते हे, हात लांब केला असता तर लागलं असतं. आईने ताटात आणखी वाढलं.

"ऐकू येतं तुला हे?"

"पहाटे पाचपासून. मी त्या पोराला म्हटलं होतं जरा हळू ओरड. तर म्हणतो, आजी, थांबा आहे तो, अंगाई नाही."

"लोकांत शोभा केलीस माझी. माझं नाव सांगायचं होतंस सरळ. क्वा किमेउ."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तुझं नाव मला लागतं," ती म्हणाली. "सगळे मला किमेउची आई म्हणतात. ते भिंतीला देऊन टाकलं तर मी काय म्हणवून घेऊ?"

मला खूप काही बोलायचं होतं. कोणी विकलं, कोणी फसवलं, मी कसा ओरडलो. तिने हाताने माशी हाकलावी तसं ते सगळं न बोललेलंच हाकललं. "हे बघ, मला फाटक नको. झाडं नकोत, बाक नको. एक माणूस आडवा होऊन निघेल एवढी फट दे. मी होते आडवी. हा गुडघा आणखी एक पावसाळा चालेल, मग मी इथेच. बाजार गेला, चर्च गेलं, मी आणि ही खिडकी."

सोमवारी मी काउंटीच्या कचेरीतून अर्ज आणला, कंपनीला न सांगता. नियम सोपा होता. लोक एखाद्या जागी रोज चढत-उतरत असतील आणि त्या जागेला लोकांत रूढ नाव असेल, तर तिला थांबा म्हणून मान्यता. आणि मान्य थांब्यापासून जवळच्या वस्तीकडे जाणारी पाऊलवाट स्पष्ट दाखवलेली असणं बंधनकारक. म्हणजे फट. म्हणजे कायद्याने फट. रकाना चार, लोकांत रूढ असलेलं नाव: मी लिहिलं. रकाना पाच, नावामागचा इतिहास. इथे पेन थांबलं. बऱ्याच वेळाने मी लिहिलं, अर्जदाराने स्वतःच्या आईला येथे पाऊलवाट आहे असे सांगितले. ती नव्हती. अर्जदार उपेपो होम्समध्ये पादचारी विभागाचा प्रमुख आहे. खाली सही केली. आयुष्यात मी काढलेला हा एकच कागद असेल ज्यात कुठे थाप नव्हती.

टेबलामागच्या नासिमियू बाईंनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला. "बाळा, हे असं सरकारी पाटीवर येत नाही."

"पण नाव तेच आहे. कोणत्याही कंडक्टरला विचारा."

"नाव मला माहीत आहे, मी स्वतः तिथे उतरते. पण याचा दुसरा काही अर्थ नाही का?" आणि त्यांचा चेहरा उजळला. मुओंगो म्हणजे थापाड्या. मुओंगो म्हणजे दशकसुद्धा. लिहिताना शहाणी माणसं एका अक्षराचा फरक करतात, बोलताना कोणीच करत नाही. "दशक! किती छान. प्रसन्न वाटतं." त्यांनी माझ्या इतिहासावर आडवी रेघ मारली आणि वर सुबक अक्षरात लिहिलं, दशकपूर्तीनिमित्त.

"कोणाच्या दशकपूर्तीनिमित्त?"

"ते सांगेल नंतर कोणीतरी. तुला थांबा हवाय की भांडण?"

मला थांबा हवा होता. एक प्रत लगतचे जमीनमालक म्हणून कंपनीला गेली, आणि आठवड्याने किरागू साहेबांनी मला मिठी मारली. मी कामावरून जायच्या तयारीने गेलो होतो, टेबलाचा खण रिकामा करून. "कोणाला न सांगता, बेटा! आमच्या दशकाची आठवण फक्त तुला!" कंपनीला सहा वर्षं झाली होती. मी तसं म्हणालोही. "आपण सातवं लागताच साजरं करू," ते म्हणाले. "दशकं काय, पुढेमागे होतात." आणि पाऊलवाट? नियमात आहे, साहेब, स्पष्ट दाखवलेली असावी. "दाखवू की," साहेब म्हणाले. "अगदी स्पष्ट दाखवू." त्या रात्री मी आईला फोन करून म्हणालो, फट मिळतेय. ती म्हणाली, बघू. त्या एका शब्दात किती वर्षांची सवय होती ते मला तेव्हा ऐकू यायला हवं होतं.

शनिवारी सकाळी मंडप, खुर्च्या, फुगे. निळी पाटी, पांढरी अक्षरं, मुओंगो, दहा वर्षं तुमच्यासोबत. पत्र्याचं छप्पर आणि बाक, बाकाची पाठ भिंतीला टेकलेली. भिंतीवर पडदा होता. आई बाजारातून येताना तिथे उतरली होती, पोतं पायाशी, रविवारचा रुमाल डोक्याला, आणि पडद्याकडे बघत होती. तिने माझं ऐकून रुमाल बांधला होता, फटीतून पहिल्यांदा जायचं म्हणून. साहेबांनी दोरी ओढली. भिंतीवर माझं चित्र रंगवलेलं होतं, जमिनीपासून काचांपर्यंत. सरळ पाऊलवाट, दोन्ही बाजूंना जॅकरंडा, दूर लहान होत गेलेली घरं. आणि मधोमध, पाठीवर पोतं नसलेली, गुडघा न दुखणारी आई, पर्स घेऊन आत चालली होती. वाट स्पष्ट दाखवली होती. काउंटीच्या माणसाने कागदावर बरोबरची खूण केली. मी आईकडे पाहिलं नाही, पाहणं जमलं नाही.

"आता ज्याला हे सुचलं तो बोलेल," असं म्हणत साहेबांनी माईक माझ्या हातात दिला.

मी म्हणालो, "मी मुओंगो आहे." मी पुन्हा म्हणालो, जास्त स्पष्ट, "या थांब्याला ज्याचं नाव आहे तो मुओंगो मीच." साहेबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनी. कोणीतरी ओरडलं, शाब्बास, या दशकाचा तरुण! मी सांगत होतो की इथे वाट नाही, ही भिंत आहे, हात लावून बघा, आणि टाळ्या वाढत होत्या. लोक हात लावून बघत होते आणि रंगाचं कौतुक करत होते. शेवटी मी खिशातून गाडीची किल्ली काढून साहेबांच्या हातात ठेवली. त्यांना ती भेटवस्तू वाटली. फोटोसाठी ते हसले, किल्ली वर धरून.

टाळ्या न वाजवणारी दोनच माणसं होती. एक आई. दुसरा तो कंडक्टर, रस्त्यावर मटाटू उभा करून दाराला लटकलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि त्याचे छान दात दिसले.

"आजी," तो म्हणाला, "आला की हो तुमचा."

"आला," आई म्हणाली.

ती लंगडत भिंतीपाशी गेली आणि रंगवलेल्या बाईसमोर उभी राहिली. त्या दोघी एकाच उंचीच्या होत्या, यावेळी प्रमाण बरोबर आलं होतं. "हिचा गुडघा बरा आहे," ती म्हणाली, कोणाला ते कळलं नाही. मग तिने पोत्याकडे हात नेला आणि मी तिच्या आधी ते उचललं. वजन माझ्या अंदाजापेक्षा बरंच जास्त निघालं. मी इतक्या वर्षांत ते कधी उचललं नव्हतं, चित्रातून मात्र सहज काढून टाकलं होतं. भिंत उजव्या हाताला ठेवून आम्ही निघालो. पहिला कोपरा ती न थांबता वळली. दुसऱ्या कोपऱ्यावर थांबली, भिंतीला टेकली, मला म्हणाली, टाच दाखव. मी पोत्यासकट एका पायावर उभा राहिलो. तिने वाकून पाहिलं, अंगठ्याने माती पुसली, आणि पुढे चालायला लागली.

तिच्या गुडघ्यासह आणि पोत्यासह एकोणसत्तर मिनिटं लागली. ती सरळ चुलीपाशी गेली. मी नळाखाली हात धरले, खांद्याला पोत्याचा वळ उठला होता. तेवढ्यात खिडकीतून, काचांवरून, एकशे अठरा बच्या छपरावरून आवाज आला. थापाड्याकडे! थापाड्याकडे कोण?

"ओ," मी म्हणालो.

आईने मागे वळून पाहिलं नाही. तिने दोन ताटं घेतली.